शांतीचे वाटसरू आचार्य विनोबा

वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची ठरली तेव्हा चिटणीसबाईंनी माझ्याकडे एक काम सोपविले. शांततेसाठी झटलेल्या आणि त्यासाठी गौरविल्या गेलेल्या एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र मी लिहावे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी काही लेखिका नव्हे. चूल, वावर आणि मंडळ एवढेच माझे जग. तरी नाही म्हणवेना, म्हणून हो म्हटले.

जगात शांततेसाठी दिले जाणारे सर्वांत मोठे पारितोषिक नोबेलचे. ते स्वतंत्रपणे मिळविणारी पहिली स्त्री म्हणजे ऑस्ट्रियाची बेर्था फॉन सुटनर. तिला ते १९०५ साली मिळाले. कलकत्त्याच्या मदर तेरेसांना ते १९७९ साली मिळाले, हे आपल्याला ठाऊक आहेच. महात्मा गांधींना मात्र ते कधीच मिळाले नाही. परंतु मला लिहावेसे वाटले ते आपल्या विदर्भात, वर्ध्याजवळच्या पवनारला राहिलेल्या, आपल्याच भाषेत बोललेल्या विनोबांविषयी. मॅगसेसे पारितोषिक १९५८ साली सुरू झाले आणि त्या पहिल्याच वर्षी ते विनोबांना मिळाले. पुढे १९८३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, भारत सरकारने त्यांना भारतरत्न दिले. परंतु हे नाव निवडण्याचे खरे कारण निराळे आहे, आणि ते मी शेवटी सांगणार आहे.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहर भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील बडोद्यास नोकरीला होते. आईचे नाव रुक्मिणी. आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मल्या. मुलगा घडविण्याचे काम आईच्या हाती कसे असते हे आपल्या भागातल्या बाईला वेगळे सांगावे लागत नाही. विनोबांच्या घडणीतही आईचा वाटा फार मोठा. ही माउली फारशी शिकलेली नव्हती. पण दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, देणारा तो देव आणि धरून ठेवणारा तो राक्षस, ही शिकवण तिने लेकरांना जेवणाच्या घासाबरोबर दिली.

तिची एक गोष्ट मला फार आवडते. शेजारच्या घरची बाई काही कामासाठी परगावी गेली, म्हणून तिच्या घरचा स्वयंपाक विनोबांची आई करून देऊ लागली. आधी आपल्या घरचा स्वयंपाक उरकावयाचा आणि मग शेजारी जावयाचे, असा तिचा क्रम होता. विनोबा लहानपणापासून तर्कट. आई, तू तरी स्वार्थीच, आधी आपले पाहतेस, असे त्यांनी तिला चिडविले. तेव्हा तिने त्याची समजूत घातली की, शेजारचा स्वयंपाक आधी केला तर जेवणाच्या वेळेपर्यंत तो गार होईल. त्यांना गरम मिळावे म्हणून आपले आधी. किती साधी गोष्ट! पण परोपकारातसुद्धा समोरच्याच्या ताटाकडे पाहावयाचे असते, हे त्या पोराने चुलीपाशी शिकून घेतले.

दुसरी एक गोष्ट. तिने देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. रोज एकेक दाणा मोजावयाचा. वडिलांनी हिशेबी सल्ला दिला की, एक तोळ्यात किती दाणे बसतात ते मोज आणि मग तेवढ्या हिशेबाने तोलून घे. तिला उत्तर सुचेना, म्हणून तिने विन्याला विचारले. त्याने सांगितले की, हे दाण्यांचे गणित नाही. प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून मोजणेच बरे. आईला ते पटले. आई मुलाला शिकवी आणि मुलाचेही ऐके, असे ते घर होते.

विनायक अभ्यासात, विशेषतः गणितात हुशार. पण परीक्षा आणि नोकरी यांत त्याचे मन नव्हते. एके दिवशी चुलीपाशी बसून त्याने आपली प्रशस्तिपत्रके विस्तवात घातली. आईने पुसले तर म्हणाला, आता त्यांची गरज नाही. नसली तरी राहिली असती तर काय बिघडले असते, असे तिला वाटले. पण तिने आरडाओरड केली नाही. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून तो मुंबईला निघाला, सुरतेस गाडीतून उतरला आणि काशीची गाडी धरली. त्याच सुमारास काशी विद्यापीठातील गांधीजींच्या गाजलेल्या भाषणाची हकिकत त्याच्या वाचनात आली. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. त्या वेळी गांधीजी भाजी चिरीत बसले होते. त्यांनी या तरुणाच्याही हाती सुरी दिली. एवढा मोठा माणूस भाजी चिरतो, हे विनोबांना नवल वाटले. आपल्याला मात्र त्यात एक समाधान आहे: आपण रोज करतो ते काम त्या दोघांच्या पहिल्या भेटीत होते.

१९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली आणि त्यात २४ ऑक्टोबरला आई गेली. अंत्यसंस्कार भटजींकडून न करता मुलानेच करावेत, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांनी ते मानले नाही. तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत, घरीच वाचीत बसले. आईचे लुगडे मात्र त्यांनी पुष्कळ दिवस उशाला घेतले. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर, ते खादीचे नाही म्हणून, साबरमतीत सोडून दिले. आईने एक इच्छा मागे ठेवली होती. संस्कृत गीता तिला कळत नसे. मराठीत हवी होती. दुसऱ्याचे भाषांतर आणून देण्याऐवजी तूच का करीत नाहीस, असे तिने मुलाला सुचविले होते. ती गेल्यावर बारा वर्षांनी, ऑक्टोबर १९३० मध्ये, विनोबा ते काम करावयास बसले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये ‘गीताई’ पुरी झाली. नावातच आई आहे. अक्षरओळख असलेल्या कोणत्याही बाईला वाचता यावी अशी ती मराठी. माझ्या सासूबाईंकडे एक जुनी, पाने पिवळी पडलेली प्रत होती. चष्मा फुटला तरी त्यांचे वाचन अडत नसे, कारण निम्मी त्यांना पाठच होती.

एप्रिल १९२१ मध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून विनोबा वर्ध्याचा आश्रम चालवावयास आले आणि विदर्भाचेच झाले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास झाला. तेव्हा नागपूरबरोबर आपल्या शेजारच्या अकोल्याच्या तुरुंगातही ते होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजी ती उतरून घेत. स्त्री कैदीही ती ऐकत. तीच ‘गीता प्रवचने’. १९३८ मध्ये प्रकृती ढासळली म्हणून ते धाम नदीकाठी पवनारला राहावयास गेले. तेथे जमीन खणताना राम-भरत भेटीची एक जुनी मूर्ती सापडली. दोन भाऊ एकमेकांना कवटाळून उभे आहेत. विनोबांनी ती तेथेच स्थापिली. ही मूर्ती लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांनाच निवडले, तेव्हा कोठे देशाला हे नाव कळले.

स्वराज्य आले, गांधीजी गेले. तेलंगणात जमीनदार आणि भूमिहीन यांच्यात रक्ताचे पाट वाहत होते. रात्री बंदुकीची भीती, दिवसा पोलिसांची. एप्रिल १९५१ मध्ये विनोबा त्या भागात पायी निघाले. १८ एप्रिलला पोचमपल्ली या गावी त्यांनी हरिजन वस्तीत विचारपूस केली. चाळीस कुटुंबे होती. ऐंशी एकर जमीन मिळाली तर आम्ही कष्ट करून पोट भरू, असे त्यांनी सांगितले. सरकारकडे अर्ज लिहून घ्यावयाचा विचार चालला होता, तेवढ्यात विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारले की, तुमच्यापैकी कोणी देईल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे गृहस्थ उठले आणि शंभर एकर द्यावयास तयार झाले. भूदानाचा प्रारंभ तो. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही म्हणतात. लागणार कशी? लोक ज्या जमिनीसाठी मुडदे पाडीत होते, ती मागितल्यावर मिळते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

मग ते चालतच राहिले. पंचावन्न वर्षांचे, पोटाच्या दुखण्याने पोखरलेले, काटकुळे शरीर. पहाटे कंदील घेऊन निघावयाचे, दिवस वर येईतो पुढचे गाव गाठावयाचे, संध्याकाळी प्रार्थना आणि सभा. मला घरातला एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, पाच असतील तर मी सहावा, असे त्यांचे मागणे. एप्रिल १९६४ मध्ये पवनारला परत येईपर्यंत तेरा वर्षे हा क्रम चालला. चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन कागदावर मिळाली. १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातील मंगरौठ गावाने तर आपली सारी जमीन गावाच्या नावे करावयाचे ठरविले. ते पहिले ग्रामदान.

सगळे गोड झाले असे मात्र नाही, आणि ते लपविले तर चरित्र खोटे ठरेल. दिलेली पुष्कळ जमीन खडकाळ, पडीक किंवा तंट्याची निघाली. बरीच वाटलीच गेली नाही. काहींनी सभेत दिली आणि घरी जाऊन मन बदलले. आणीबाणीच्या काळात विनोबांनी तिला शिस्तीचे पर्व म्हटले, त्यानेही त्यांचे अनेक चाहते दुखावले. माणूस मोठा असला तरी त्याचा प्रत्येक शब्द मोठा ठरतोच असे नाही.

तरीही शांततेचे त्यांचे काम जमिनीपुरते नव्हते. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारात देवघरच्या वैद्यनाथाच्या मंदिरात हरिजनांसह जात असता त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना मारहाण झाली. विनोबांच्या कानाला इजा झाली. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ नये, एवढेच त्यांनी सांगितले. मे १९५८ मध्ये पंढरपूरला मात्र निराळा अनुभव आला. मंदिराच्या व्यवस्थापकांनीच बोलाविले आणि निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांसह विनोबा विठ्ठलाच्या पायांशी गेले. तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते. साने गुरुजींच्या उपवासाने १९४७ साली जो दरवाजा हरिजनांना खुला झाला, तो त्या दिवशी आणखी रुंद झाला.

१९५७ साली केरळात त्यांनी शांतिसेना उभारावयाची कल्पना मांडली. दर पाच हजार वस्तीमागे एक शांतिसैनिक असावा; त्याने एरवी गावाची सेवा करावी आणि दंगा झाला तर जीव धोक्यात घालून मध्ये उभे राहावे. सेवा आधी, म्हणजे प्रसंगी लोक ऐकतील. आणि या कामाला घराघराचा आधार असावा म्हणून त्यांनी सर्वोदय पात्राची चाल पाडली. घरात एक भांडे ठेवावयाचे आणि लहान मुलाच्या हाताने त्यात रोज मूठभर धान्य टाकावयाचे. मूल लहान म्हणून मूठ लहान. पण सवय जन्माची.

मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात ते गेले. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंह नावाच्या दरोडेखोराने तुरुंगातून त्यांना पत्र पाठविले होते. विनोबांपाशी शिपाई नव्हते, वचन द्यावयाला माफीही नव्हती. तरी वीस दरोडेखोरांनी बंदुका त्यांच्या पायांशी आणून ठेवल्या आणि शिक्षा भोगावयास तयार झाले. १९६२ मध्ये ते तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून चालत गेले आणि तेथेही लोकांनी जमीन दिली. अमेरिकेतील काळ्या लोकांचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा राजस्थानात विनोबांच्या पदयात्रेत जाऊन त्यांना भेटले. पाच वर्षांनी किंगना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या मंडळाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट १९५९ ची. त्या वर्षी पवनारला त्यांनी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले. बायकांनीच चालवावयाचा आश्रम. शेती, स्वयंपाक, झाडलोट, छपाई सारे हातांनी करावयाचे, आणि कोणताही निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा. एकीचा नकार असेल तर थांबावयाचे. बायका एकत्र आल्या की भांडतात, असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणते? १९६७ मध्ये तर त्यांच्या प्रेरणेने चार भगिनी पायी देशाटनाला निघाल्या आणि बारा वर्षे चालत राहिल्या.

नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबा आजारी पडले. देहाचे काम संपले असे मानून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, पवनारला शांतपणे देह ठेवला.

आता मघाशी राखून ठेवलेले कारण सांगते. आमच्या घरची गोष्ट आहे. गावात ठाऊक आहेच, म्हणून लपविण्यात अर्थ नाही.

सासरे गेल्यावर माझे यजमान आणि थोरले दीर यांच्या वाटण्या झाल्या. वावर एकच, मध्ये धुरा. पहिली दोन वर्षे बरी गेली. मग कोणी म्हणाले, धुरा दोन तास इकडे सरकला. कोणी म्हणाले, तिकडे. मोजणी झाली, ती एकाला मान्य झाली नाही. प्रकरण तालुक्याच्या कोर्टात गेले. धुऱ्यावरची बाभूळ कोणाची, यावरून एकदा काठ्याही निघाल्या. माझी आणि जाऊबाईंची चूल एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. त्यांच्या फोडणीचा वास मला येई, माझ्या भाकरीचा आवाज त्यांना जाई. पण अकरा वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या एका टोकाला बसत, मी दुसऱ्या. तुम्ही सर्वजणी आमच्यासाठी दोन जागा राखीत होता, हे मला कळत नव्हते असे नाही.

दोन वर्षांपूर्वी मंडळाची सहल पवनारला गेली. मी राम-भरताच्या त्या मूर्तीपुढे उभी राहिले. राज्य तू घे, नाही तूच घे, म्हणून हटून बसलेले ते दोन भाऊ. आणि आमच्या घरचे दोन भाऊ, दोन तासांसाठी. मान वर करून पाहते तो पलीकडे जाऊबाई उभ्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होते. तरीसुद्धा, भगिनींनो, त्या दिवशी मी बोलले नाही. बसमध्येही बोलले नाही. मनात येते आणि जिभेवर येत नाही, अशी ती गाठ होती.

गेल्या श्रावणात जाऊबाईंना ताप आला. आठ दिवस अंथरूण धरले. मुलगा पुण्याला, दीर एकटे. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून फोडणीचा वास आला नाही. मला विनोबांची आई आठवली. आधी घरचा स्वयंपाक उरकला, मग डोक्यावर पदर घेऊन त्यांच्या दारी गेले, विचारले नाही, सरळ त्यांच्या चुलीपाशी बसले आणि भात टाकला. दीर ओसरीवरून उठून बाहेर गेले. जाऊबाई पडल्या पडल्या एवढेच म्हणाल्या की, मीठ फळीवर वरच्या बाजूला आहे. अकरा वर्षांनी आमचे बोलणे सुरू झाले ते मिठावरून.

यजमान दोन दिवस रागावले, तिसऱ्या दिवशी त्यांनीच घरचे दूध पाठविले. कोर्टाची तारीख अजून पडते. धुरा आहे तेथेच आहे. दोघे भाऊ बोलू लागले असे मी लिहू शकत नाही. पण या वर्षी पेरणीच्या वेळी दोघांनीही धुऱ्यापासून एकेक तास सोडून पेरले. त्या पडीक पट्ट्यावर आता गवत वाढले आहे आणि दोन्हीकडची जनावरे त्यात चरतात. कोणी कोणाची हाकलीत नाही.

म्हणून चिटणीसबाईंनी काम सांगितले तेव्हा मी विनोबांचेच नाव घेतले. ज्याने लोकांकडून लाखो एकर मागून घेतले, त्याचे चरित्र दोन तासांवर अडलेल्या घरातल्या बाईने लिहावे, याची लाज वाटली आणि हिंमतही आली. लाख एकर आपल्यापाशी नाहीत. पण दर पाच हजारांमागे एक शांतिसैनिक पाहिजे असेल, तर बीबीसारख्या गावात तो आपल्या मंडळातून का निघू नये? पाणी, धुरा, वाटणी, सुनेचे माहेर, यांवरून घराघरांत जे धुमसते, ते कोर्टाच्या पायरीआधी आपल्याला कळते. त्या वेळी चूल बंद पडलेल्या घरी एकीने जावे, एवढे जरी ठरविले तरी या वर्धापनदिनाचे सार्थक होईल.

जाऊबाईंनी हा लेख छापावयाला जाण्यापूर्वी वाचून पाहिला आहे. मिठाची गोष्ट ठेव, असे त्यांनीच सांगितले. येत्या हळदीकुंकवाला आमच्यासाठी एकच जागा राखावी, ही विनंती.